पहिल्या पावसात स्कूटर घसरली. पण भीती आठ महिने टिकली कशी आणि पसरली कशी?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला तो जसा कळला तसा आधी मांडते. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात सिंहगड रस्त्यावर तुमची स्कूटर घसरली. चालवत तुम्ही होतात, मागे मिस्टर बसले होते. तुमच्या मनगटाला प्लास्टर बसलं, त्यांचा गुडघा खरचटला. ते फुटपाथच्या बाजूला पडले. तुम्ही रस्त्याच्या बाजूला पडलात, आणि मागून येणारी पीएमटी बस करकचून ब्रेक मारून तुमच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मिस्टर चौथ्या दिवशी तीच स्कूटर घेऊन ऑफिसला गेले. तुम्हाला आधी फक्त पावसात गाडी नको वाटायची, मग कोरड्या रस्त्यावरही नको झाली. आता रिक्षात बसलेलं असतानाही बसच्या ब्रेकचा फुस्स असा आवाज आला की छाती धडधडते आणि हात गार पडतात. मुलीला अठरा पूर्ण झालीत, लायसन्स काढायचंय, आणि तुम्ही तिला अडवताय. तिनंच कॉलेजच्या पुस्तकातला छोट्या अल्बर्टचा प्रयोग (एका बाळाला मुद्दाम उंदराची भीती शिकवण्याचा) तुम्हाला दाखवला. त्यावरून तुमचे दोन प्रश्न: दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून भीती चिकटत असेल, तर ती दोघांनाही का नाही चिकटली? आणि गेल्या आठ महिन्यांत काहीच वाईट घडलेलं नाही, तर ती आपोआप सुटत का नाही?

मी पुण्यात बरीच वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. पावसाळ्यात अपघातानंतर घाबरलेली माणसं आमच्याकडे येतातच, त्यामुळे तुमचं वर्णन ओळखीचं आहे. माझ्या मते कळीचा प्रश्न दुसरा. भीती का बसली हे समजलं की बरं वाटतं. पण ती का टिकली आणि का पसरली हे समजलं की काय करायचं ते समजतं.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. त्या अपघाताची स्वप्नं पडत असतील, जागेपणी तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल, झोप अजूनही उडालेली असेल, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, तर हा नुसत्या रस्त्याच्या भीतीचा मामला राहत नाही. मग खाली जे लिहिलंय ते एकट्यानं करू नका, तज्ज्ञाच्या सोबतीनंच करा. मनगटाची पकड पूर्ण परत आली नसेल, किंवा चक्कर येत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना नाहीतर फॅमिली डॉक्टरांना दाखवा. ब्रेक नीट दाबता येत नसेल तर गाडीची भीती वाटणं रास्तच आहे.

आता मूळ मुद्दा. लस टोचण्याआधी नर्स बाळाच्या अंगावर स्पिरिटचा बोळा फिरवते. पहिल्या वेळी बाळाला त्या वासाचं काही वाटत नाही. दोन-चार वेळा टोचून झालं की सुई दिसायच्या आधी, नुसता वास आला तरी ते भोकाड पसरतं. वास निरुपद्रवी, सुई दुखरी. वासानं सुईची वर्दी द्यायला सुरुवात केली. रशियात इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवर हेच दाखवलं. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिलं ते हे. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

अल्बर्टचा प्रयोग पुस्तकं एका परिच्छेदात उरकतात. मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाची बरीचशी उत्तरं त्याच्या तपशिलात आहेत. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये तो केला आणि १९२० साली प्रसिद्ध केला. बाळ साधारण नऊ महिन्यांचं असताना त्याच्यासमोर पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, कापूस असं एकेक ठेवलं; ते कशालाच घाबरलं नाही. डोक्यामागे पोलादी कांबीवर हातोडा मारला तेव्हा मात्र दचकून रडलं. ते अकरा महिन्यांचं झाल्यावर खरा प्रयोग सुरू झाला. बाळानं उंदराला हात लावला की मागे कांब वाजवायची. पहिल्या दिवशी असं दोनदा केलं, आठवड्यानं आणखी पाच वेळा. त्यानंतर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडून दूर रांगू लागलं. पुढे ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही ते घाबरलं, कापसापासूनही दूर राहू लागलं. आणि दोन गोष्टी फार कमी लोक सांगतात. लाकडी ठोकळ्यांशी ते त्याही वेळी मजेत खेळत होतं, म्हणजे भीती सगळ्या जगावर पसरली नव्हती, उंदराशी साम्य असलेल्या वस्तूंवरच पसरली होती. दुसरं असं की, त्याला त्या छोट्या खोलीतून व्याख्यानाच्या मोठ्या दालनात नेल्यावर तीच भीती सौम्य दिसली. या दोन्हींकडे मी पुढे येते.

या प्रयोगाचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. बाळ एकच, भीती मोजायची पद्धत म्हणजे बघणाऱ्यांचं निरीक्षण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भीती निर्माण करून ती न उतरवताच बाळाला जाऊ दिलं. आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही. आजचे प्रयोग मोठ्या माणसांवर, त्यांची संमती घेऊन होतात. पडद्यावर दोन रंगांचे चौकोन आलटून पालटून येतात. एका रंगानंतर कधी कधी मनगटाला हलका विजेचा झटका बसतो, दुसऱ्यानंतर कधीच नाही. झटका किती असावा हे भाग घेणारा स्वतः ठरवतो: नकोसा वाटेल, पण दुखणार नाही इतका. बोटांना इलेक्ट्रोड लावून घामातला सूक्ष्म फरक मोजतात. थोड्याच फेऱ्यांत पहिला रंग दिसताच बोटांना घाम फुटू लागतो.

मात्र 'दोन गोष्टी एकत्र आल्या की चिकटतात' ही समजूत अपुरी आहे, आणि तुमचा पहिला प्रश्न तिथेच अडलाय. १९६८ साली रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवर एक नेटका प्रयोग केला. एका गटाला आवाज चालू असतानाच शॉक मिळायचा. दुसऱ्या गटाला आवाज चालू असताना तितकेच शॉक, पण आवाज बंद असतानाही त्याच प्रमाणात. आवाज आणि शॉक एकत्र येण्याची संख्या दोन्हीकडे सारखीच. तरी आवाजाला घाबरला तो पहिलाच गट. दुसऱ्यासाठी आवाज काहीच सांगत नव्हता. म्हणजे मेंदू नुसत्या जोड्या लावत बसत नाही. कशावरून धोका आधी ओळखता येईल, याचा तो हिशेब मांडतो.

हे धरून तुमच्या दोघांच्या अपघाताकडे बघा. घसरणं दोघांचं सारखंच. पण मिस्टरांच्या बाजूला फुटपाथ होता आणि बस थांबली ती त्यांच्या पाठीमागे. त्यांच्या मेंदूच्या हिशेबी 'ओला रस्ता, मग खरचटलेला गुडघा' एवढंच झालं. तुमच्या हिशेबी 'ओला रस्ता, ब्रेकचा आवाज, मग मरण'. अपघात एक, पण धडे दोन. तुम्हाला मिळालेला धडा खूपच मोठा होता.

आणखी एक फरक तुमच्याच मजकुरात आहे. तुम्ही लिहिलंय की मिस्टर कॉलेजपासून पंचवीस वर्षं दुचाकी चालवतात, आणि तुम्ही स्कूटर शिकून दीडच वर्ष झालं होतं. एखादी गोष्ट आधी शेकडो वेळा निर्धोक अनुभवलेली असेल तर नंतरच्या एका वाईट प्रसंगानं तिची भीती सहजी बसत नाही. लुबो आणि मूर यांनी १९५९ साली प्राण्यांमध्ये हे दाखवलं. दातांच्या दवाखान्याबाबत ग्रॅहम डेव्ही यांना १९८९ साली माणसांतही तसंच आढळलं: दुखरे उपचार होऊनही ज्यांना भीती बसली नव्हती, त्यांच्या आधीच्या बऱ्याच फेऱ्या बिनत्रासाच्या झालेल्या होत्या. मिस्टरांच्या खात्यात पंचवीस पावसाळे जमा होते, तुमच्या खात्यात एक. यात ते शूर आणि तुम्ही भित्र्या असं काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगते, कारण तुमच्या मजकुरात तो सूर दोनदा आलाय.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही लिहिलंय की पहिले दोन दिवस विशेष काही वाटलं नव्हतं. मग भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणू लागला, 'वाचलात हो, बसखालीच गेला असतात.' शेजारच्या काकूंनी मोबाइलवर दुसऱ्याच एका अपघाताचा व्हिडिओ दाखवला. त्यानंतर झोप उडाली. रेस्कोर्ला यांनी १९७४ साली उंदरांना आधी आवाजासोबत सौम्य शॉक दिला, नंतर आवाजाशिवाय नुसतेच जोरदार शॉक दिले. पुढे तोच आवाज ऐकून उंदीर आधीपेक्षा जास्त घाबरले. आवाजाबरोबर नवीन काहीच घडलं नव्हतं. 'शॉक म्हणजे काय' याची किंमत तेवढी वाढली होती. माणसांत ही किंमत बोलण्यानं वाढते. भेटायला आलेल्यांनी प्रेमापोटीच बोललं, पण तुमच्या अपघाताची किंमत त्यांनी चढवली. कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर कृपा करून हे लक्षात ठेवा: डबा द्या, मुलांना शाळेतून आणा, पण 'काय झालं असतं' ते बोलू नका.

उलट, पडलं म्हणजे भीती बसतेच असंही नाही. न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. लहानपणी उंचावरून पडून जबर लागलेल्यांमध्ये अठराव्या वर्षी उंचीची भीती जास्त दिसेल असं कुणालाही वाटेल. दिसलं उलटंच: उंचीची भीती नसलेल्यांमध्येच अशा पडझडी जास्त होत्या. भीती मुळात कमी, म्हणून चढले आणि पडले. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो, आणि तो किती उपजत, किती घडलेला याची वाटणी एका माणसापुरती कुणालाच करता येत नाही.

आता 'मला सगळं कळतं हो, रिक्षात काही होणार नाही हेही कळतं, तरी हात गार पडतात' या वाक्याकडे येऊ. कळतं पण वळत नाही, यामागे मेंदूची खरीखुरी रचना आहे. १९९५ साली बेचारा आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या तिघांवर एक प्रयोग केला. रंगीत स्लाइड दाखवायच्या, त्यातल्या एका रंगानंतर बोटीचा कर्कश भोंगा वाजवायचा. कानाच्या पातळीवर मेंदूत खोल असलेला, बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या रुग्णाला कुठल्या रंगानंतर भोंगा वाजतो ते अचूक सांगता येई, पण त्याच्या बोटांना घाम फुटत नसे. ज्याचा शेजारचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेलं लक्षात ठेवणारा भाग, निकामी होता, त्याला रंग कुठला हे सांगता येईना, पण तो रंग दिसला की घाम मात्र फुटे. ज्याचे दोन्ही भाग निकामी होते त्याला यातलं काहीच जमलं नाही. म्हणजे 'माहीत असणं' आणि 'अंगानं घाबरणं' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मिस्टर तुम्हाला समजावतात तेव्हा ते पहिल्या नोंदीशी बोलत असतात. अमिग्डलाला भाषण समजत नाही. त्याला अनुभव द्यावा लागतो.

भीती पसरते कशी? अल्बर्टच्या सशात आणि कापसात त्याचं उत्तर आहे. मेंदू धोक्याच्या खुणेशी साम्य असलेल्या गोष्टींनाही थोडा थोडा धोका चिकटवतो. लिसेक आणि सहकाऱ्यांनी लहान ते मोठी अशी वर्तुळं वापरून हे मोजलं. एका टोकाच्या आकाराशी शॉक जोडला होता. मधल्या आकारांना माणसं किती घाबरतात ते पाहिलं. पॅनिकचा (अचानक घबराटीचे झटके येण्याचा) त्रास असलेल्यांची भीती जास्त दूरच्या आकारांपर्यंत पोचत होती. तुमच्याकडे 'ओल्या रस्त्यावर मी चालवत असलेली स्कूटर' इथून 'कुठलीही स्कूटर' आणि तिथून 'रिक्षातून ऐकलेला ब्रेक' असा प्रवास झाला. ब्रेकच्या आवाजाची भीती रस्त्याच्या भीतीपेक्षाही घट्ट बसली, कारण तो बसच्या बरोबर आधी आला होता. वर्दी दिली ती त्यानं. शिवाय अचानक मोठा आवाज आणि अंगावर येणारं प्रचंड धूड, यांची भीती शिकायला आपलं शरीर आधीपासून तयारच असतं. कुक आणि मिनेका यांनी १९८९ साली प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना व्हिडिओ दाखवले. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहून ती सापाला घाबरायला शिकली. तेच घाबरणं फुलाला जोडून दाखवलं तर फुलाला घाबरली नाहीत.

इथवर थोडक्यात असं: तुम्हाला मिळालेला धडा मोठा होता, आधीची निर्धोक पुंजी कमी होती, नंतरच्या बोलण्यानं त्याची किंमत वाढली, आणि तो शेजारच्या गोष्टींवर सांडला. आता तो टिकला का ते बघू.

'आठ महिने काही वाईट घडलं नाही' हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण तुमच्या मेंदूला ते वेगळंच ऐकू येतं. त्याच्या मते काही घडलं नाही कारण तुम्ही गाडी चालवली नाहीत. होबार्ट मॉवरर यांनी १९४७ साली मांडलेला विचार आजही माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे: भीती बसते साहचर्यानं (एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसून), पण टिकते टाळण्यानं. पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली हातात घेतली, धडधडलं, किल्ली परत अडकवली आणि रिक्षा बोलावली. त्या क्षणी जे हायसं वाटतं ते बक्षीस असतं, आणि बक्षीस टाळण्याला मिळतं. आठ महिने रोज मिळालं. काळ जाणं हा उपाय नव्हे. ओला रस्ता, ब्रेकचा आवाज, आणि त्यानंतर काहीच वाईट न होणं, हे मेंदूनं समोर अनुभवायला हवं. याला विलोपन म्हणतात.

विलोपनात जुनी भीती पुसली जात नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे निराशा होते. पावलोव्ह यांनाच दिसलं होतं की विझलेली प्रतिक्रिया थोड्या विश्रांतीनंतर आपसूक परत येते. पुढे मार्क बाउटन यांनी दाखवलं की एका पिंजऱ्यात बसलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात विझवली आणि उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवलं, तर ती पुन्हा डोकं वर काढते. गावाकडून पुण्यात आलेला माणूस वर्षानुवर्षं इथली मराठी बोलतो, पण गावी एसटीतून उतरला की पहिल्याच वाक्याला जुनी बोली तोंडात येते, तसं हे आहे. नवं शिकणं खरं असतं, पण ते जिथे शिकलो त्या जागेला बांधलेलं असतं. अल्बर्टची भीती दुसऱ्या दालनात सौम्य होणं हे याचंच दुसरं रूप.

भीती उतरवण्याचा पहिला गाजलेला दाखला मेरी कव्हर जोन्स यांचा, १९२४ चा. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी मुलं सोबत ठेवायची. मधे पीटर आजारी पडला, आणि रुग्णालयाच्या दाराशी एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. भीती परत आली. जोन्स यांनी पुन्हा मागून सुरुवात केली, आणि शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. मी हा तपशील माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना सांगते. भीती परत येणं हा वाटेतलाच एक टप्पा आहे, उपचार फसल्याची खूण नव्हे.

तर करायचं काय? माझ्या हाती तुमची केस असती तर मी अशी गेले असते. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावून वर बसा, सुरू करा, ब्रेक दाबा. मग आवारात फेऱ्या. मग पहाटे मोकळ्या गल्लीत. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम: वॉचमनना पाइपनं पार्किंगचा एक पट्टा ओला करायला सांगा आणि त्यावर हळू वेगात चालवून ब्रेक मारा, पुन्हा पुन्हा. गाडी कुठे थांबते ते खडूची खूण करून बघा. ब्रेकच्या आवाजाचं काम वेगळं करायचं: बसस्टॉपवर नुसतं उभं राहायचं, बसमध्ये न चढता. बस येते, फुस्स होतं, दार उघडतं, माणसं उतरतात, बस जाते. एकापाठोपाठ एक बसेस जाऊ द्या. कानात इयरफोन नको, मोबाइलमध्ये डोकं नको. आवाज ऐकायचा, आणि त्यानंतर काय होतं ते बघायचं.

प्रत्येक वेळी निघण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: मला काय होईल असं वाटतंय, आणि शंभरात किती खात्रीनं. 'ब्रेक मारला की घसरेन, ७०.' परत आल्यावर खाली लिहा, प्रत्यक्षात काय झालं. मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांच्या कामानंतर आम्ही यावर जास्त भर देतो. भीती शून्यावर येईपर्यंत तिथे थांबलंच पाहिजे असं नाही. अंदाज आणि घडलेलं यांतली तफावत मेंदूला ठळक दिसली पाहिजे. आणि एकाच गल्लीत पक्कं होऊ नका. वेळ बदला, रस्ता बदला, कधी एकट्या जा, कधी मुलीला मागे बसवा. वर बाउटन यांचं सांगितलं ते याचसाठी.

मिस्टरांनी तुम्हाला पुढे चालवायला बसवून थेट नवले पुलासारख्या वर्दळीच्या जागी नेऊ नये. जबरदस्तीनं अनुभव मिळतो, पण धडा भलताच मिळतो: 'कसंबसं वाचले.' पायरी तुम्ही निवडायची. थोडी अवघड, पण तुमच्या संमतीची.

छुपे आधार ओळखायला शिका. माझ्याकडे एक तरुण यायचा (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). वीज गेल्यावर लिफ्टमध्ये अडकला होता. सरावानं तो लिफ्ट वापरू लागला, घरच्यांना वाटलं बरा झाला. मग एके दिवशी मोबाइलची बॅटरी संपलेली होती, आणि तो सात मजले चढून गेला. मधल्या काळात प्रत्येक वेळी तो टॉर्च चालू करून, बोट इमर्जन्सी बटणावर ठेवून उभा राहायचा. त्याच्या मेंदूनं शिकलं होतं ते 'टॉर्च सुरक्षित आहे', 'लिफ्ट सुरक्षित आहे' हे नव्हे. आम्ही टॉर्च बंद ठेवून पुन्हा सराव केला, तेव्हा खरा फरक पडला. तुम्ही दोन्ही पाय रस्त्याला घासत चालवत असाल, किंवा मिस्टर शेजारून दुसऱ्या गाडीवर आले तरच निघत असाल, तर ते तुमचे टॉर्च. सुरुवातीला वापरा, पण एकेक करून सोडा.

रिक्षात रामरक्षा म्हणता असं तुम्ही जरा संकोचानं लिहिलंय. संकोच कशाला? श्रद्धेचं बळ मोठं असतं. एवढंच बघा की 'म्हटली म्हणून वाचले' अशी अट तयार होऊ नये. नेहमीप्रमाणे तिन्हीसांजेला देवापुढे म्हणा. बसस्टॉपवरच्या सरावाच्या वेळी मात्र मन आवाजाकडे असू द्या.

हेल्मेट, टायरची नक्षी, वेग हे छुपे आधार नव्हेत, ती अक्कल आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून खरंच निसरडं होतं. त्या दिवशी गाडी न काढणं शहाणपणाचंच. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी न काढणं ही भीती. दोन्हींतला फरक मेंदूला पुन्हा शिकवायचाय. बेफिकीर व्हायचं नाहीये.

मुलीबद्दल. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली भीतीच्या तीन वाटा सांगितल्या: स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणं, आणि ऐकीव माहिती. गेरुल आणि रेपी यांच्या २००२ च्या प्रयोगात दीड वर्षाच्या आसपासच्या बाळांना रबरी साप आणि कोळी दाखवले. आईनं घाबरलेला चेहरा केला होता त्या खेळण्याजवळ बाळं नंतरही जायला कचरली. तुमची मुलगी मोठी आहे, पण तिनंही गेले आठ महिने तुमचा चेहरा पाहिलाय. लायसन्स काढू द्या. ती शिकत असताना तुमचा सराव चालू असेल तर ते तिला दिसू द्या, वहीसकट. तिला मानसशास्त्रात रस आहे. खडूच्या खुणा मोजायचं काम तिला द्या.

'पुसून टाकणारी गोळी' वगैरे वाचनात आलं असेल. २००० साली नेडर, शेफ आणि लेडू यांनी दाखवलं की उंदराच्या मनातली भीतीची आठवण जागी केल्यावर काही काळ ती पुन्हा कच्ची असते, आणि तेव्हा औषधानं बिघडवता येते. माणसांत मात्र निष्कर्ष कधी जुळतात, कधी नाही. त्यासाठी वापरलेलं प्रोप्रॅनोलॉल हे औषध स्वतःच्या मनानं घेऊ नका. दमा असणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे पावसाळ्याआधी चार महिने मिळतात. पार्किंग आणि बसस्टॉप मार्चमध्ये, गल्ल्या एप्रिलमध्ये, मोठा रस्ता मेमध्ये असं धरा. वळवाच्या सरी आल्या तर त्या ओसरल्यावरचा ओला रस्ता सोडू नका. जूनमध्ये मातीचा वास आला की धडधड परत येईल. येऊ द्या. पहिली मोठी सर जाऊ द्या, एक-दोन दिवसांनी रस्ता धुतला गेला की आवारातल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. या वेळी प्रत्येक पायरी लवकर उरकते.

महिनाभर करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, तर समोरासमोर कुणाला तरी भेटा. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मला दोन गोष्टी मात्र कळवा: झोपेत तो प्रसंग दिसतो का, आणि डाव्या हातानं ब्रेक पूर्ण दाबता येतो का. सुरुवात स्टँडवरच्या स्कूटरपासून करायची की बसस्टॉपपासून, ते त्यावर ठरेल.